पेम्फिगस : एका आरोपाची सिद्धता

आजाऱ्याच्या रक्तात एखादी गोष्ट सापडली, म्हणजे त्या गोष्टीनेच आजार घडवला असे होत नाही. बोलायला हे कुणीही मान्य करील. वागताना मात्र वैद्यकाने अनेकदा उलटे केले आहे. सापडेल ते दोषी धरायचे, त्यावर औषध शोधायचे आणि औषध लागू पडले नाही की मग मूळ प्रश्नाकडे वळायचे. पेम्फिगस या त्वचारोगाच्या संशोधनात असे झाले नाही, म्हणून त्याचा इतिहास सविस्तर सांगण्याजोगा आहे. या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच कातडीला चिकटणारी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, असतात हे १९६४ मध्ये कळले. फोड त्यांच्यामुळेच येतात हे निर्विवाद ठरायला आणखी तीसेक वर्षे लागली. एवढा वेळ का लागावा, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. माझे म्हणणे असे आहे की पेम्फिगसवर आज जे उपचार होतात त्यांचा पाया १९६४ च्या शोधाने जेवढा घातला, त्याहून अधिक त्या शोधावर घेतल्या गेलेल्या शंकांनी घातला.

आधी आजाराविषयी. पेम्फिगसमध्ये कातडीवर आणि बहुधा त्याआधी तोंडात पाणीभरले, लिबलिबीत फोड येतात. ते चटकन फुटतात आणि मागे उघडी, झोंबणारी जखम राहते. फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा दाबून सरकवला तरी वरचा पापुद्रा सुटून येतो. हे लक्षण रशियन डॉक्टर निकोल्स्की यांच्या नावाने ओळखले जाते. आजार विरळा, पण स्टिरॉइडे येण्यापूर्वी जवळपास हमखास जीवघेणा होता. कातडी गेलेल्या माणसाच्या अंगातून पाणी आणि प्रथिने झरत राहतात, जंतूंना मोकळे रान मिळते, तोंड सोललेले असल्याने खाणे तुटते आणि महिन्यांत किंवा दोन-चार वर्षांत सगळे संपते. वैद्यकाच्या दृष्टीने त्याहून मोठी अडचण अशी की पेम्फिगस म्हणजे नक्की काय याचाच पत्ता नव्हता. विखमान यांनी १७९१ मध्ये हे नाव रूढ केल्यापासून दीर्घकाळ टिकणाऱ्या जवळपास प्रत्येक फोडांच्या आजाराला तेच चिकटवले जात होते. बोस्टनच्या वॉल्टर लिव्हर यांनी १९५३ मध्ये हा गुंता सोडवला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी फोडाची चीर कोणत्या थरात पडते ते पाहिले. काही रुग्णांत बाह्यत्वचेच्या पेशीच एकमेकींपासून सुटलेल्या, सुट्या होऊन फोडाच्या पाण्यात तरंगणाऱ्या दिसत. काहींत मात्र अख्खी बाह्यत्वचा एकसंध राहून खालच्या थरापासून उचलली गेलेली असे. पहिला पेम्फिगस, दुसऱ्याला त्यांनी पेम्फिगॉइड म्हटले. हा दुसरा आजार बहुधा म्हाताऱ्यांना होतो आणि तुलनेने सौम्य असतो. लिव्हर यांनी ना कारण सांगितले, ना औषध. पण दोन आजारांची सरमिसळ चालू राहिली असती तर पुढच्या कुठल्याच रक्ततपासणीला अर्थ उरला नसता.

कारणाचा धागा मिळाला तो न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात, आणि तो तिथेच मिळावा यात योगायोग कमी होता. शरीर स्वतःविरुद्ध हत्यार उचलत नाही, उचलले तर ते भयंकरच ठरेल, अशी मांडणी पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर केली होती. पुढच्या पन्नास वर्षांत तिचा अर्थ ‘असे घडतच नाही’ असा लावला गेला. एर्लिख यांचे शिष्य हान्स झाक्स आणि त्यांच्या हाताखाली हायडेलबर्गला तयार झालेले अर्न्स्ट विटेब्स्की, अशी ही गुरुपरंपरा. विटेब्स्की पुढे बफेलोत आले. त्यांच्याच प्रयोगशाळेत नोएल रोझ या तरुण सहकाऱ्याने सशांना सशाच्याच थायरॉइडचा अर्क टोचून थायरॉइडचा दाह घडवून आणला, आणि एर्लिख-परंपरेचा हा वारस स्वतःच्या परंपरेविरुद्धच्या पुराव्यापुढे उभा राहिला. विटेब्स्की यांनी तो पुरावा झटकून टाकला नाही, पण स्वस्तात स्वीकारलाही नाही. १९५७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ऑटोइम्युन आजार कशाला म्हणावे याच्या कसोट्या मांडल्या: प्रतिपिंडे दाखवा, ती शरीरातल्या कोणत्या पदार्थाला लागतात ते दाखवा, तो पदार्थ टोचून प्राण्यात तशीच प्रतिपिंडे तयार करा आणि मग त्या प्राण्यात तसाच आजार दिसतो का पाहा. संशयी माणसाने लिहिलेले हे नियम आहेत. पुढे पेम्फिगसच्या संशोधनाला ते फार उपयोगी पडले.

त्याच विद्यापीठात अर्न्स्ट बॉइटनर आणि तेव्हा वैद्यकाचे विद्यार्थी असलेले रॉबर्ट जॉर्डन यांनी १९६४ मध्ये पेम्फिगसच्या रुग्णांचे रक्तजल तपासले. पद्धत आजही बहुतांशी तीच आहे, म्हणून जवळून पाहण्यासारखी आहे. प्राण्याच्या अन्ननलिकेसारख्या ठिकाणचे अस्तर गोठवून त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काचपट्टीवर घेतात. त्यावर रुग्णाचे रक्तजल पातळ करून ठेवतात. अर्ध्या-पाऊण तासाने पट्टी धुतात; ऊतीला न चिकटलेले सारे वाहून जाते. मग मानवी प्रतिपिंडांनाच पकडणारे दुसरे प्रतिपिंड, चमकणारा रंग जोडून, त्यावर ओततात आणि पुन्हा धुतात. अंधाऱ्या खोलीत, योग्य प्रकाशाखाली निरोगी माणसाच्या रक्तजलाची पट्टी काळपट राहते. पेम्फिगसच्या पट्टीवर मात्र पेशीपेशीभोवती हिरवी रेघ उमटलेली असते, पेशींचे पोट काळे आणि कडा उजळ. ज्या जागी पेशी एकमेकींना धरून असतात आणि ज्या जागी लिव्हर यांना त्या सुटलेल्या दिसल्या, नेमकी तीच ही जागा. तीनच वर्षांत याच गटाने पेम्फिगॉइडच्या रुग्णांतही प्रतिपिंडे दाखवली. ती बाह्यत्वचेच्या तळाशी सरळ रेघ आखत होती. लिव्हर यांनी डोळ्यांनी केलेली वाटणी रक्तानेही मान्य केली.

इतके जुळून आल्यावर निकाल लागलाच असे समजायला काय हरकत होती? हरकत होती, आणि ती वाजवी होती. भाजलेल्या रुग्णांच्या रक्तातही कातडीला चिकटणारी अशीच प्रतिपिंडे आढळली. भाजण्याने पेशी फुटल्या, आतला माल बाहेर पडला आणि त्याला शरीराने प्रतिसाद दिला, इतकाच त्यांचा अर्थ. मग पेम्फिगसमध्येही आधी कातडी फाटत असेल आणि प्रतिपिंडे मागाहून उगवत असतील, हे शक्य का नाही? गुन्ह्याच्या जागी सापडलेला माणूस गुन्हेगार असतो तसा साक्षीदारही असू शकतो. याचे उत्तर सहसंबंध मोजून मिळत नाही. प्रतिपिंडांची पातळी आणि आजाराचा जोर सोबत वरखाली होतात असे दिसले होते, पण सगळ्या रुग्णांत नाही; आणि सोबत होणे म्हणजे कारण असणे नव्हे, हा मुद्दा पुन्हा तिथेच येऊन थांबतो. हवा होता प्रयोग: आजार नसलेल्या कातडीला फक्त प्रतिपिंडे द्यायची, बाकी काही नाही, आणि ती फाटते का बघायचे.

शिल्ट्झ आणि मिशेल यांनी १९७६ मध्ये निरोगी माणसाच्या कातडीचे तुकडे पोषणद्रवात जिवंत ठेवून त्यात पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तातली फक्त प्रतिपिंडे मिसळली. एक-दोन दिवसांत पेशी एकमेकींपासून सुटू लागल्या, त्याही पेम्फिगसमध्ये सुटतात त्याच पातळीवर. पण बशीतला तुकडा म्हणजे देह नव्हे. १९८२ मध्ये ग्रँट अनहाल्ट, लुइस डियाझ आणि सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी उंदराची नवजात पिल्ले निवडली. एक तर ती ग्रॅम-दीड ग्रॅमची असतात, त्यामुळे रुग्णाकडून मिळालेली मोजकी प्रतिपिंडे त्यांना वजनाच्या मानाने भरपूर देता येतात. दुसरे म्हणजे त्यांना अजून केस फुटलेले नसतात आणि उघड्या गुलाबी कातडीवर काय घडते ते नजरेला दिसते. पाच रुग्णांची प्रतिपिंडे या पिल्लांच्या पोटात टोचली गेली. ५५ पैकी ३९ पिल्लांना फोड आणि जखमा आल्या. निरोगी माणसांची प्रतिपिंडे दिलेल्या ५८ पिल्लांपैकी एकालाही आल्या नाहीत. निकोल्स्कींनी माणसाच्या कातडीवर पाहिलेले लक्षण इथे पिल्लाच्या पाठीवर दिसले. पुढे पूरक प्रथिनांची यंत्रणा, म्हणजे प्रतिपिंडांच्या मागोमाग येऊन पेशी फोडणारी रक्तातली टोळी, पिल्लांच्या रक्तातून काढून टाकली तरी फोड आलेच. यावरून प्रतिपिंड कुणाला बोलावून आणत नाही, काम स्वतःच करते, असे दिसले. हा तपशील लहान वाटतो, पण पुढचा सगळा तपास त्याच्या दिशेने गेला.

माणसाचे प्रथिन उंदराला टोचून काढलेला निष्कर्ष माणसाला कितपत लावावा, हा आक्षेप यावर येतो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. याचे उत्तर प्रयोगशाळेबाहेर आधीच घडत होते. पेम्फिगस असलेल्या आईच्या पोटी जन्मलेले बाळ कधीकधी अंगावर फोड घेऊनच येते. आईच्या पेशी बाळात अगदी थोड्याच जातात, प्रतिपिंडे मात्र वारेतून मुबलक जातात. काही आठवड्यांत ती बाळाच्या रक्तातून विरतात आणि बाळ कोणत्याही दीर्घ उपचाराशिवाय पूर्ण बरे होते, पुन्हा फोड येत नाहीत. पिल्लांवरचा प्रयोग निसर्गाने माणसावर करून दाखवला, असेच म्हणावे लागेल.

आता प्रश्न उरला तो प्रतिपिंड पकडते कशाला, हा. जॉन स्टॅनली यांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात हे लक्ष्य सुमारे १३० किलोडाल्टन वजनाचे प्रथिन असल्याचे दाखवले होते. पेम्फिगसच्या दुसऱ्या, उथळ प्रकाराचे, म्हणजे फोलिएशसचे, लक्ष्य वेगळे असल्याचेही दाखवले होते. पण वजन कळले म्हणून ओळख पटत नाही. ती पटवण्याचे काम टोकियोच्या केइओ विद्यापीठातून स्टॅनली यांच्याकडे पोस्टडॉक म्हणून आलेल्या मासायुकी अमागाई या तरुण त्वचारोगतज्ज्ञाने केले. पोस्टडॉक म्हणजे डॉक्टरेट झाली आहे पण कायमची जागा नाही, अशी दोन-तीन वर्षांच्या कराराची अवस्था.  अमागाई यांची रीत अशी होती: मानवी बाह्यत्वचेच्या पेशींतला जनुकीय मजकूर तुकड्यातुकड्यांनी विषाणूंत भरायचा, त्या विषाणूंनी जिवाणूंना लागण करायची, म्हणजे बशीवरच्या प्रत्येक ठिपक्यात मानवी प्रथिनाचा एकेक वेगळा तुकडा तयार होतो. ठिपक्यांचा ठसा कागदी पडद्यावर उचलायचा आणि त्यावर रुग्णाची शुद्ध केलेली प्रतिपिंडे सोडायची. हजारोंतला जो ठिपका प्रतिपिंडांना धरील त्यात लक्ष्य आहे. ठिपका सापडला, जनुक वाचले गेले. ते निघाले कॅडहेरिन या कुळातले. पेशींना एकमेकींशी जोडणारे रेणू म्हणून हे कूळ जपानच्याच मासातोशी ताकेइची यांनी आधीच प्रकाशात आणले होते. अमागाई, व्हेरा क्लाउस-कोव्हटुन आणि स्टॅनली यांचा निबंध १९९१ मध्ये ‘सेल’मध्ये आला. या प्रथिनाचे आजचे नाव डेस्मोग्लेन-३.

इथे थांबता आले असते. चांगल्या नियतकालिकात निबंध, उत्तम कथा, पेशी जोडणाऱ्या रेणूवरच हल्ला होतो म्हणून पेशी सुटतात. पण तेही अजून तर्कच होते. १९९२ मध्ये रुग्णांच्या मिश्रणातून डेस्मोग्लेन-३ च्या टोकाला, म्हणजे शेजारच्या पेशीला धरणाऱ्या भागाला, लागणारी प्रतिपिंडे तेवढी वेगळी काढून पिल्लांना दिली, फोड आले. १९९४ मध्ये अमागाई आणि जपानमधल्या सहकाऱ्यांनी उलट बाजूने तपासले: कीटकपेशींत बनवलेल्या डेस्मोग्लेन-३ ने रुग्णाच्या रक्तजलातली त्याला लागणारी प्रतिपिंडे शोषून घेतली आणि उरलेले पिल्लांना दिले, फोड आले नाहीत. घातले तर येतात, काढले तर येत नाहीत. १९९७ मध्ये तिसरा पुरावा आला: डेस्मोग्लेन-३ चे जनुकच काढून टाकलेल्या उंदरांच्या तोंडात, प्रतिपिंडांचा मागमूस नसताना, पेम्फिगससारख्याच जखमा झाल्या. १९६४ च्या हिरव्या रेघांवरचा आरोप माझ्या मते इथे शाबीत झाला. 

उत्तर खरे असल्याची एक खूण अशी की ज्यासाठी ते शोधले नव्हते त्या गोष्टीही त्यातून उलगडतात. पेम्फिगसच्या काही रुग्णांना फक्त तोंडात जखमा का, काहींना तोंड आणि कातडी दोन्हीकडे का, आणि फोलिएशसच्या रुग्णांचे तोंड कायम शाबूत का, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेले होते, समजले नव्हते. डेस्मोग्लेन-१ आणि ३ ही दोन प्रथिने कुठे किती असतात हे मांडल्यावर ते सरळ झाले. तोंडाच्या अस्तरात भार मुख्यतः ३ वर असतो. कातडीत १ सर्व थरांत असते, वर जास्त. ३ फक्त खालच्या थरांत. एक निकामी झाले तरी दुसरे हजर असेल तिथे पेशी सुटत नाहीत. म्हणून फक्त ३ विरुद्ध प्रतिपिंडे असतील तर तोंड सोलवटते आणि कातडी तगते. फक्त १ विरुद्ध असतील तर कातडीच्या वरच्या थरात उथळ फोड येतात आणि तोंड वाचते. दोन्हींविरुद्ध असतील तर दोन्ही जाते. नवजात बाळाच्या कातडीत डेस्मोग्लेन-३ तोंडातल्यासारखे वरपर्यंत पसरलेले असते, त्यामुळे फोलिएशस असलेल्या आईचे बाळ सहसा निरोगी जन्मते. २००० मध्ये हे दाखवले गेले. त्याच वर्षी अमागाई, स्टॅनली आणि सहकाऱ्यांनी आणखी एक जुने कोडे सोडवले. लहान मुलांना पुवाळणाऱ्या जंतूंमुळे जे मोठाले उथळ फोड येतात, त्यांतले स्टॅफिलोकोकसचे विष डेस्मोग्लेन-१ नेमके कापते, ३ ला हात लावत नाही. प्रतिपिंड नाही, ऑटोइम्युन काही नाही. रेणू तोच तुटला आणि चीर फोलिएशसच्याच थरात पडली.

या सगळ्या सिद्धतेला सर्वांत जड आक्षेप आला तो ब्राझीलमधून. तिथल्या ग्रामीण भागांत ‘फोगो सेल्व्हाजेम’ नावाचा फोलिएशस साथीसारखा वस्ती धरून राहतो. माटो ग्रोसो दो सुल राज्यातल्या लिमाव व्हेर्दे या तेरेना आदिवासींच्या वस्तीत शंभरात तीनेक माणसांना तो आढळला. बहुधा काळ्या माश्यांसारख्या चावणाऱ्या कीटकांशी त्याचा संबंध असावा असे मानले जाते. तिथल्या निरोगी लोकांचे रक्त तपासले तेव्हा ९३ पैकी ५१ जणांत डेस्मोग्लेन-१ विरुद्धची प्रतिपिंडे निघाली. अंगावर एक फोड नाही आणि रक्तात प्रतिपिंडे आहेत, तर कारण कसले? घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांनी इथे एक तर सगळा सिद्धान्त सोडला असता किंवा या आकड्यांकडे कानाडोळा केला असता. डियाझ यांच्या गटाने प्रतिपिंडे रेणूच्या कोणत्या भागाला लागतात ते पाहिले. निरोगी माणसांत ती मुख्यतः पेशीच्या पृष्ठाजवळच्या, जोडकामात भाग न घेणाऱ्या टोकाला लागत. आजार सुरू झाला की ती रेणूच्या दूरच्या, शेजारणीला धरणाऱ्या टोकापर्यंत पोचलेली असत. तेव्हा ‘प्रतिपिंड आहे का’ हा प्रश्नच अपुरा ठरला. ‘कुठे लागते’ हे विचारावे लागले. आक्षेपाने सिद्धान्त मोडला नाही, तो अधिक नेमका केला.

सगळेच आक्षेप असे निमूट परतले असे मात्र म्हणता येणार नाही. डेस्मोग्लेनखेरीज इतर लक्ष्यांना लागणारी प्रतिपिंडे या रुग्णांत सापडतात आणि काही संशोधक त्यांना महत्त्व देतात. प्रतिपिंड रेणूची पकड केवळ अडवते, की पेशीच्या आत संदेश पाठवून तिला स्वतःहून जोड सोडायला लावते, यावरही वाद आहे; दुसऱ्या मताला प्रयोगांचे बळ चांगले आहे आणि बहुधा दोन्ही गोष्टी घडतात. पण हा वाद गुन्हा कसा झाला याचा आहे, कुणी केला याचा नाही. एवढा फरक ठेवला तर तो वाद सिद्धतेला धक्का लावत नाही.

खरी अडचण उपचाराच्या अंगाने येते. कुणी म्हणेल: रुग्णांचे प्राण वाचवले ते स्टिरॉइडांनी, १९५० च्या दशकात, प्रतिपिंडांचा शोधही लागला नव्हता तेव्हा. भारतात तर १९८० च्या दशकात दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी पल्स पद्धत रूढ केली: दर २८ दिवसांनी सलग तीन दिवस सलाइनमधून १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, त्यांतल्या एका दिवशी ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड, आणि मधल्या काळात रोज सायक्लोफॉस्फामाइडचीच ५० मिलिग्रॅमची गोळी. देशभरच्या सरकारी रुग्णालयांत या पद्धतीने असंख्य रुग्ण उभे केले, तेही परवडणाऱ्या औषधांत. तिच्यात डेस्मोग्लेनचा काही वाटा नव्हता. आणि आज ज्याचा गाजावाजा आहे ते रितुक्सिमॅब लिम्फोमा या कर्करोगासाठी तयार झाले. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये त्यासाठीच परवानगी मिळाली. मग उंदरांच्या पिल्लांवर आणि जनुकांच्या ठिपक्यांवर घालवलेल्या वर्षांचा रुग्णाला फायदा काय?

या आक्षेपातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. स्टिरॉइड आणि पल्स ही रुग्णशय्येजवळची कमाई आहे, प्रयोगशाळेने तिच्यावर हक्क सांगू नये. पण तिची किंमतही सांगायला हवी: सगळी प्रतिकारशक्ती दाबल्याने होणारे जंतुसंसर्ग, ठिसूळ हाडे, मधुमेह, आणि सायक्लोफॉस्फामाइडमुळे तरुण रुग्णांच्या प्रजननक्षमतेवर येणारे गंडांतर. हा आजार भारतात ऐन उमेदीच्या वयातही गाठतो, तेव्हा ही बाब किरकोळ नाही. रितुक्सिमॅबच्या बाबतीत मात्र आक्षेप टिकत नाही. ते औषध बी पेशींना, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वजांना, मारते. पेम्फिगसमध्ये प्रतिपिंड हा नुसता साक्षीदार असता तर कर्करोगाचे औषध फोडांवर वापरून पाहण्याचे कुणाला सुचले असते, आणि सुचले तरी कुठल्या नैतिक समितीने ते होऊ दिले असते? शिवाय औषधानंतर एक विलक्षण गोष्ट दिसली: डेस्मोग्लेनविरुद्धची प्रतिपिंडे घसरतात, धनुर्वातासारख्या जुन्या लशींची बहुतांशी टिकून राहतात. डेस्मोग्लेन हाताशी नसते तर हे मोजताच आले नसते. फ्रान्समध्ये पास्काल जोली यांच्या नेतृत्वाखाली ९० नव्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१७ मध्ये आला. रितुक्सिमॅब आणि थोड्या काळापुरते स्टिरॉइड मिळालेल्या ४६ पैकी ४१ जण दोन वर्षांनी सर्व औषधांविना पूर्ण बरे होते. केवळ स्टिरॉइड घेतलेल्या ४४ जणांत हा आकडा १५ होता. पुढच्या वर्षी अमेरिकेत पेम्फिगससाठी त्याला अधिकृत परवानगी मिळाली. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्येच त्याची भारतीय आवृत्ती आणल्यामुळे आपल्याकडेही ते पूर्वीइतके आवाक्याबाहेर राहिलेले नाही. स्वस्त झाले असे मात्र कुणी म्हणू नये.

पुढचे पाऊल सिद्धतेतूनच निघाले आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमी पेन यांच्या प्रयोगशाळेतले ख्रिस्टोफ एलेब्रेख्ट आणि सहकारी यांनी २०१६ मध्ये डेस्मोग्लेन-३ चा तुकडा मारेकरी टी पेशींच्या अंगावर आमिष म्हणून लावला. त्याला धरायला येते फक्त डेस्मोग्लेनविरुद्ध प्रतिपिंड बनवणारी बी पेशी, आणि तीच मारली जाते. उंदरांत हे साधले. माणसांत ते रितुक्सिमॅबच्या तोडीचे ठरल्याचे अजून दिसलेले नाही, आणि शरीर डेस्मोग्लेनवर मुळात उलटते का याचे पूर्ण उत्तर तर कुणाकडेच नाही. जे ठाऊक आहे त्याचा उपयोग मात्र आजच करता येतो. पेम्फिगस पुष्कळदा तोंडात सुरू होतो, कातडीवर यायला महिने जातात, आणि तेवढा काळ रुग्ण ‘उष्णतेने तोंड आले’ म्हणून ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि मलमे यांत घालवतो. तोंडातल्या जखमा महिनाभर भरत नसतील, नव्या येत असतील किंवा हिरड्यांची साल निघत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे आणि जखमेच्या कडेचा तुकडा व रक्तातली डेस्मोग्लेन-प्रतिपिंडे तपासता येतील का, असे स्पष्ट विचारावे.